मामा, तो शब्द मी तुझ्यावर वापरला

संध्याकाळी कामावरून येऊन तुम्ही दार वाजवता, आतून कुणीतरी विचारतं, "कोण?" तेव्हा तुम्ही आजवर कधी "माझी घरवापसी झाली" असं उत्तर दिलंय का?

मामा, पहिली ओळ वाचकाला दिली. तुझा नियम. पत्रकाच्या पहिल्या ओळीत प्रश्न, शेवटच्या ओळीत काम, आणि मधे रड नको. पहिली ओळ जमली, शेवटचीही जमवेन. मधल्या भागाची खात्री देत नाही.

परवा, तू गेल्यानंतरचा, तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. शहाडच्या विहारात बसायला जागा उरली नव्हती. कुणी तुला 'निष्ठावंत' म्हणालं, कुणी 'झुंजार'. मी मागे बसून मनातल्या मनात दोन्ही शब्दांवर काट मारली, कारण तू मारली असतीस. "झुंजार कोंबडा असतो गं, माणूस नसतो," असं तू एकदा माझ्या निबंधावर लिहिलं होतंस. साळवे काकांना माइक दिला. चाळीस वर्षं तुझ्याबरोबर पत्रकं वाटलेला माणूस. ते म्हणाले, "आवाज येतोय का?" सगळे म्हणाले, येतोय. मग ते तसेच उभे राहिले आणि थोड्या वेळाने खाली बसले. त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं भाषण तेच.

मी पत्रकांवर वाढले असं मी म्हणते तेव्हा लोकांना ते अलंकारिक वाटतं. मी खरोखर त्यांच्या मागच्या बाजूवर वाढले. तू पत्रक नेहमी एकाच बाजूला छापायचास. साळवे काका कुरकुरायचे, मजकूर मावत नाही म्हणून, आणि तू म्हणायचास, "मावत नाही तो मजकूर नाही. मागची बाजू पोरांच्या गणिताला लागते." उरलेले गठ्ठे डोंबिवलीला आमच्या घरी यायचे. माझी बाराखडी, माझे पाढे, माझी पहिली कविता, सगळं त्या पाठकोऱ्या कागदांवर. कागद पातळ. सात साती एकोणपन्नासच्या पलीकडून 'जाहीर निषेध' उलटा दिसायचा. शाळेत बाईंनी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, माझा मामा आहे.

आणि पत्रक हातात द्यायचं. भिंतीला लावायचं नाही, बाकावर ठेवायचं नाही, रिक्षाच्या सीटवर टाकायचं नाही. अकरावीत असताना मी पहिल्यांदा तुझ्याबरोबर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर आले. शिफ्ट सुटत होती. एका माणसाच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात पोराची नवी सायकल. मी पत्रक त्याच्या डब्याच्या पिशवीत सरकवायला गेले तर तू माझा हात धरलास. त्याला म्हणालास, "थांबतो. सायकल लावा." तो बिचारा ओशाळून सायकल स्टँडवर लावेपर्यंत तू उन्हात उभा राहिलास आणि मग कागद त्याच्या हातात दिलास. परतीच्या वाटेवर मी चिडले होते, एका माणसापायी दहा निसटले म्हणून. तेव्हा तू गावच्या पोस्टमनची गोष्ट सांगितलीस. तो आपल्या वस्तीत यायचा नाही. वस्तीची पत्रं शाळेच्या कट्ट्यावर ठेवायचा, वर दगड. जाणारा येणारा दगड उचलून वाचायचा आणि पुन्हा ठेवायचा. मुंबईला कामाला गेलेले माझे आजोबा काय लिहितात ते तुला घरी कळायच्या आधी गावाला कळलेलं असायचं. "आमच्या पत्रांवर दगड होता," तू म्हणालास. "म्हणून हातात."

तू ते गाव सोडलंस, याचं मला कधीच नवल वाटलं नाही. मला तर वाटायचं, आपल्या घराचा इतिहासच सोडण्यावर उभा आहे. आजोबांनी धम्मदीक्षा घेऊन आल्यावर देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधले आणि नदीत सोडले. मग घर सोडलं, गाव सोडलं, सगळ्यांना घेऊन माळशेज उतरून कल्याणला आले. प्रत्येक सोडणं विचार करून केलेलं. म्हणून 'घरवापसी' हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा माझ्या डोक्यात जाळ झाला.

तुला आठवतं, टाळेबंदीत आपण शीळफाट्याला उभे होतो? तू, मी, साळवे काका, पाण्याचे कॅन, केळी. माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत होती, त्यांच्या चपला तुटल्या होत्या आणि रस्ता संपत नव्हता. तू एका तरुणाला विचारलंस, "कुठं?" तो म्हणाला, "जालना." तू विचारलंस, "घर आहे?" तो केळं सोलता सोलता म्हणाला, "घर नाय. आई आहे." दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, मजुरांची घरवापसी. तू पेन्सिलीने त्या शब्दाभोवती गोल केलास आणि पेपर माझ्यासमोर ठेवलास.

त्या गोलातून माझं पत्रक सुरू झालं. मी त्या शब्दाची वापरण्याची ठिकाणं गोळा करायला लागले. पुढाऱ्याने झेंडा बदलला, नवीन जागी पोट भरलं नाही, पुन्हा जुना झेंडा धरला, की घरवापसी. पोटाला नाही म्हणून माणूस शेकडो मैल चालत निघाला, तीही घरवापसी. आणि कुणाच्या आजोबाने विचार करून नदीत सोडलेले देव उचलून आणायचे, नातवाच्या गळ्यात बांधायचे, वर हार घालून फोटो काढायचा, ती तर खास घरवापसी. पुढारी, उपाशी मजूर आणि माझे आजोबा, तिघांना एकच शब्द. मी लिहिलं होतं, ज्या घरात तुम्ही आम्हाला ओसरीवरही घेतलं नाही, त्या घराला आमचं घर म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? अजूनही लिहीन. त्यातला एक काना मी मागे घेणार नाही, मामा.

तू तीन मसुदे वाचलेस. तिसऱ्यानंतर म्हणालास, "एक गोष्ट राहिली."

"काय?"

"जो माणूस खरंच घरी येतो ना, तो हा शब्द कधीच बोलत नाही. तो म्हणतो, आलो. शब्द बाजूला उभी राहिलेली माणसं वापरतात."

मी ते वाक्य लगेच मसुद्यात घातलं. खाली तुझं नाव घातलं नाही. तुला चालायचं.

आणि तुझा आणखी एक नियम. कुठलाही जहाल शब्द छापण्याआधी घरातल्या माणसाच्या तोंडावर बोलून बघायचा. चेहरा पडला तर का पडला ते शोधायचं. हसला तर का हसला ते शोधायचं. काहीच झालं नाही, तर शब्द मेलेला आहे, काढून टाकायचा. 'मुजोर व्यवस्थापन' लिहायचं होतं तेव्हा तू मामीला "काय गं मुजोर" म्हणालास, आणि दोन दिवस तुला चहा मिळाला नाही. "जिवंत आहे," तू आनंदाने सांगत आलास, "शब्द एकदम जिवंत आहे." मामी आतून ओरडली, "आणि मी मेली का?"

हा नियम आपल्या घराबाहेर कुणाला माहीत नाही. मी जे केलं, ते दुसऱ्या घरात कुणी केलंच नसतं.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतली जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. पाडायच्या आधी दारं, खिडक्या विकायला काढल्या होत्या. तू त्यातलं एक दार निवडलंस. सागवानी, जड, आतून लोखंडी कडी. चौकटीसकट टेम्पोत घालून शहाडला नेलंस आणि तुमच्या चाळीच्या गॅलरीत भिंतीला टेकवून उभं केलंस. सगळ्यांना वाटलं, खोलीचं दार बदलणार. मामीने दुसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल वाळत टाकले. शेजारची बाई म्हणाली, "भाऊ, जिना चढून आलेल्याला दोन-दोन दारं दिसतायत. कुठलं वाजवायचं?" तू म्हणालास, "जे उघडेल ते."

मग तो रविवार. तुमच्याकडे सुक्या बोंबलांचं कालवण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. आई होती, साळवे काका होते. माझ्या पिशवीत पत्रकाचा चौथा मसुदा होता, आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं. तू भाकरी मोडता मोडता म्हणालास, "मी म्हणतो, गावाला जाऊन राहावं."

आईचा घास हातात राहिला. "खरंच, दादा?" ती इतक्या लहान आवाजात बोलली की मला तिच्याकडे बघावं लागलं. तुझी धाकटी बहीण. तिला मी कधी त्या वयाची बघितली नव्हती.

मामी म्हणाली, "तिकडं दवाखाना तरी आहे का? धाप लागली की पंप कोण देणार, तिकडचं जांभळीचं झाड?"

"थोडे दिवस. बघू तरी."

"आणि राहणार कशात? भिंत तरी उभी आहे का?"

"तेच सांगतोय," तू म्हणालास, आणि काहीतरी सांगायला मान वर केलीस.

आणि मी म्हणाले, "म्हणजे शेवटी तुझीपण घरवापसी का, मामा?"

साळवे काका सगळ्यात आधी हसले. मग मामी हसली. मग तूही हसलास. पण त्याच्या आधी, अगदी थोडा वेळ, तुझा चेहरा पडला होता. मी पाहिलं. खोटं नाही बोलणार, मी बघतच होते. मी शब्द तपासत होते. आणि तो लागला याचा मला आनंद झाला.

"लागतोय शब्द," तू म्हणालास. "छापायला हरकत नाही." आणि कालवण वाढून घेतलंस.

चेहरा पडला तर का पडला ते शोधायचं. नियमाचा तो अर्धा भाग मी त्या दिवशी विसरले. तुला जे सांगायचं होतं ते तू सांगितलं नाहीस, आणि गावाला जायचा विषय पुन्हा कधी काढला नाहीस. आईने दोनदा काढून पाहिला. तू म्हणालास, "बघू गं."

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा शहाडला आले तेव्हा तू गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्या दाराला पाठ लावून बसलेला. तिथून पुलाकडे जाणारा रस्ता दिसतो. मुरबाडच्या, माळशेजच्या एसट्या त्याच रस्त्याने जातात. तू पाट्या वाचायचास. मला वाटायचं, म्हातारा माणूस, वेळ घालवतोय. मी समोर बसून तुला जगाच्या बातम्या सांगायचे आणि प्रत्येक बातमीवर संतापायचे, आणि तू श्वासाच्या मधल्या जागेत "हं" म्हणायचास.

एकदा विचारलंस, "ते पत्रक काय झालं?"

"शेवटची ओळ सापडत नाही."

"वाचकाला काम सांग."

"काय सांगू? शब्द वापरू नका म्हणून सांगू?"

"तसं सांगून कोण ऐकतं?" तुला खोकला आला. मग म्हणालास, "काय करायचं ते तुलाच माहीत नाही, तर त्या बिचाऱ्याने काय करायचं?"

त्या दिवशी मी म्हणणार होते, मामा, रविवारी मी चुकले. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी..." आणि तू म्हणालास, "चहा टाकतेस का? मामी बाजारात गेलीय." मी उठले. चहा टाकला. आलं किसलं. चहा घेऊन येईपर्यंत बोलायचं राहून गेलं, आणि मी स्वतःला सांगितलं, पुढच्या वेळी. प्रत्येक पत्रकात मी लोकांना 'आता नाही तर कधी' विचारत आलेली पोरगी.

तू गेलास ती दुपार होती. आम्ही पोचलो तोवर चाळीतल्या माणसांनी सगळं हातात घेतलं होतं. तुला बाहेर काढताना ते दार आडवं आलं. गॅलरी अरुंद, दार आणि कठडा यांच्यातून चौघांना वळता येईना. तुला पुन्हा आत नेऊन खाली ठेवावं लागलं. मग दोघांनी चौकट धरली, दोघांनी दार, आणि ते उचलून शेजारच्यांच्या भिंतीला लावलं. त्यावरचा टॉवेल खाली पडला. तेवढा वेळ मामी रडायची थांबली. म्हणाली, "सावकाश. कडीला मार लागेल. ह्यांना चालायचं नाही."

मी कठड्याला धरून उभी होते. कुणीतरी मला म्हणालं, बाजूला हो. मी बाजूला झाले. त्या दिवशी मला तेवढंच करता आलं.

परवा कार्यक्रम संपल्यावर मी साळवे काकांना विहाराच्या पायरीवर गाठलं. विचारलं, "काका, मामाला गावाला कशाला जायचं होतं?" त्यांनी चष्मा पुसायला काढला.

"तुला त्याने कधी ते गावचं घर सांगितलं नाही?"

"दगड सांगितला. पत्रांवरचा."

"हां. तो सगळ्यांना सांगायचा. दुसरं नाही सांगायचा." त्यांनी चष्मा घातला. "अगं, त्या घराला दार नव्हतंच कधी. पोतं टांगलेलं. गावातलं कुणी कामाला बोलवायला आलं की हाक नाही मारायचे. काठीने पोतं उचलायचे आणि आत बघायचे. आत आई असो, बहीण असो, कुणी जेवत असो. म्हणून त्याने ते दार घेतलं. त्या जागेवर चार भिंती घालायच्या, दार लावायचं, आतून कडी. म्हणायचा, साळव्या, मला फार काही नको. कुणीतरी दार वाजवावं, आणि मी आतून विचारावं, कोण? एवढं एकदा झालं पाहिजे."

"मग गेला का नाही?"

काका माझ्याकडे बघेनात. "तू बोललीस ना त्या दिवशी. मी हसलो, माझीपण चूक. जिना उतरताना मला म्हणाला, पोरगी बरोबर बोलते. लोक असंच म्हणतील. आयुष्यभर गाव सोडा म्हणून लिहिलं आणि शेवटी परत गेला, म्हणतील."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला? तू त्याची लिहिणारी पोरगी. तुला कसं सांगणार की तुझं वाक्य खोडायला हवंय?"

मामा, तू माझी किती वाक्यं खोडलीस. शेकडो. हे एक का नाही खोडलंस?

मी तुझ्यावर चिडले आहे. हे इथं लिहिते, कारण समोर असतास तरी हेच बोलले असते. लाल पेन तुझ्या खिशात असायचा. तू म्हणायला हवं होतंस, थांब, पुढचं ऐक. एवढ्या लोकांच्या तोंडावर बोललास, मालकाच्या, पोलिसाच्या, आणि भाचीपुढे गप्प बसलास. आणि मग लगेच वाटतं, थांब म्हणायची गरज कुणाला पडते? पुढचं आधीच ठरवून बोलणाऱ्यासमोर पडते. मी थांबले असते तर तुला म्हणावंच लागलं नसतं. सायकल लावून होईपर्यंत उन्हात उभं राहायला मला कुणी शिकवलं होतं?

तो शब्द अजून खोटा आहे. पण मी बाजूला उभी राहून तो तुझ्यावर टाकला, तुझंच वाक्य मसुद्यात ठेवून. तू ज्या घरी निघाला होतास ते घर अजून बांधलेलंच नव्हतं.

आता दाराचं काय करायचं, कुणाला सुचत नाही. आई म्हणते, गावाला नेऊन लावू. मामी म्हणते, राहू दे, ह्यांची पाठ लागायची त्याला. मी जागा बघून आले. कल्याणहून तीच एसटी धरली. कुंपण आहे, गवत आहे, भिंत एकही नाही. दार लावायचं तर चौकटीला भिंत लागते, भिंत घालायची तर आत राहणारं माणूस लागतं. मी गवतात उभी राहिले. कुणीच विचारलं नाही, कोण म्हणून. थोड्या वेळाने परतीची गाडी होती, त्या गाडीने आले. दार अजून शेजारच्यांच्या भिंतीला आहे. ते काही बोलत नाहीत, भली माणसं आहेत.

तू दिलेलं सगळं माझ्याकडे आहे. अक्षर तुझ्या कागदावर गिरवलेलं, राग तुझ्याकडून आलेला, आणि तो हातात कसा द्यायचा तेही तूच शिकवलेलं. आभार मानायचे तर कुठे पाठवायचे? तुझ्या खोलीचं दार मी काल वाजवलं. आतून मामीने विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "आले गं." आणि तिथेच उभी राहिले. आत जाववेना.

पत्रक मोठं झालं, मामा. एका कागदात मावलं नाही, बरेच लागले. तू अर्धं कापलं असतंस. शेवटची ओळ मात्र सापडली.

वाचणाऱ्यांनो, काम एकच आहे. तुमच्याही घरात एखाद्या माणसाने काहीतरी आणून ठेवलेलं असेल आणि ते कशासाठी आहे हे कुणी विचारलं नसेल. दार असेल, पेटी असेल, कुंडीत वाढवलेलं रोप असेल. आज त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, हे कशाला आणलंय? त्यांचं सांगून होईपर्यंत मधे बोलू नका, आणि ते जे सांगतील त्याला तुमच्याकडचा शब्द लावू नका. कागदांच्या मागच्या बाजू कोऱ्या ठेवल्या आहेत. उत्तर त्यांच्या शब्दांत तिथे लिहून घ्या.